हौशी आणि व्यावसायिक डीजे-मिश्रण : निकषाचा प्रश्न

इलेक्ट्रॉनिक संगीतातील हौशी व व्यावसायिक मिश्रणांतील भेद सामान्यतः तालजुळणीच्या अचूकतेत शोधला जातो. हा निकष अपुरा आहे. डेट्रॉइटचे टेक्नोवादक जेफ मिल्स यांचे टोकियोच्या लिक्विड रूममध्ये १९९५ साली ध्वनिमुद्रित व १९९६ साली प्रकाशित झालेले मिश्रण या संदर्भात उद्बोधक ठरते. त्यात ताल क्वचित ढळतो आणि लगेच सावरला जातो. संगणकाने आपोआप ताल जुळवलेले हौशी मिश्रण त्या मानाने निर्दोष असते. परंतु त्यात बहुधा एक रचना पुरती वाजल्यावरच दुसरी येते. मिल्स मात्र तीन तबकड्या हाताळत रचनेचा हवा तेवढाच अंश घेतात व तणाव वाढवीत नेतात. सारांश, तालजुळणी यंत्राकडे गेल्यावर व्यावसायिकतेची कसोटी एकच उरते : कोणती रचना केव्हा आणावी व केव्हा सोडावी, याचा विवेक.