एका तारेवरचा रुकार

जालन्यावरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद रेल्वे 1900च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून सुरू झाली, ती एकेरी. एकेरी रुळांचा घोर एकच: बदनापूरहून सुटलेली आणि दिनागावहून सुटलेली गाडी मध्येच समोरासमोर येऊ नये. देशभरच्या एकेरी मार्गांवर यासाठी वर्षानुवर्षं चाललेलं यंत्र म्हणजे नील्स बॉल टोकन. शेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, आणि दोघांत तार एकच. परतीचा प्रवाह जमिनीतून.

त्या एका तारेकडून काय काय काम काढून घेतलंय ते बघा. स्टेशनमास्तर दट्ट्या दाबतो, पलीकडे घंटा वाजते. किती ठोके, त्यावर अर्थ ठरतो. उत्तराचे ठोके त्याच तारेवरून येतात. टेलिफोनही तिच्यावरच, कंडेन्सर बॅटरीचा प्रवाह अडवतो, बोलण्याचा तेवढा जाऊ देतो. आणि रुकार? त्यासाठीही वेगळी तार नाही. पलीकडचा मास्तर हँडल ‘गाडी येणार’ या खुणेवर नेतो, की त्याच तारेतल्या प्रवाहाची दिशा फिरते. ठोका तोच, दिशा उलटी. पोलराइज्ड रिले ही दिशा ओळखतो, अलीकडचं कुलूप सुटतं, इकडचं हँडल फिरतं आणि पोलादी गोळा बाहेर येतो. हा गोळा म्हणजेच टोकन, पुढच्या स्टेशनापर्यंतच्या सेक्शनमध्ये शिरायचा ड्रायव्हरचा परवाना; तो थैलीत घालून त्याच्या हाती द्यायचा.

मला सगळ्यांत भावते ती अधिकाराची ही वाटणी. ज्याला गाडी सोडायची आहे त्याच्या स्वतःच्या यंत्रातला गोळा त्याला एकट्याला काढता येत नाही. समोरच्याने दिला तर मिळतो. एक गोळा बाहेर असेतोवर दोन्ही यंत्रं मिटलेली. शेजारच्या सेक्शनचा गोळा इथे घालून फसवावं म्हटलं, तर खाचा जुळत नाहीत. तार तुटली तर मौनाचा अर्थ नकार! इतका सावध स्वभाव फार कमी यंत्रांना असतो.

पण गोळ्याची थैली धावत्या इंजिनात द्यायची तर वेग मारावा लागतो. वरून विजेच्या गाड्या आल्या, की जमिनीतल्या परतीच्या वाटेचा भरवसा उरत नाही. केबल आणि फिल्टर लागतात. जालन्याहून मुंबईला 30 डिसेंबर 2023 रोजी वंदे भारत निघाली. असल्या गाडीने स्टेशनागणिक थैली झेलावी, हे काही जमणारं नाही. एकेरी मार्गांवर आता यूएफएसबीआय नावाचा पेटारा दिसतो. दोन्हीकडच्या अनेक रिलेंची स्थिती तो क्रमाने आकड्यांत बांधतो आणि केबलच्या जोडीवरून किंवा फायबरवरून दोन्ही दिशांना पाठवत राहतो. संदेश थांबला किंवा बिघडून आला, की पलीकडचे रिले पडतात. म्हणजे मौनाचा जुना अर्थ त्यानेही जपलाय. सेक्शन रिकामा झाला का, हे चाकं मोजणारा ॲक्सल काउंटर सांगतो.

हे सरसच आहे, वाद नाही. फक्त पूर्वी ड्रायव्हरला गोळ्यावर कोरलेली सेक्शनची अक्षरं वाचून मार्ग आपलाच असल्याची खातरजमा हाताने करता येई. आता त्याने सिग्नल बघायचा.