विश्वरचना आणि स्वयंपाकघर : एका विनोदप्रकाराचा विचार

कोटी, अतिशयोक्ती, उपहास, विडंबन या विनोदप्रकारांची लक्षणे आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतूनही सांगितली जातात. त्यांच्या पंक्तीस बसविण्याजोगा आणखी एक प्रकार आहे. घरातील एखादी क्षुल्लक वस्तू घ्यावयाची, विश्वाच्या घडणीचे श्रेय किंवा तिच्यातील दोषांचे खापर त्या वस्तूच्या माथी फोडावयाचे, आणि हा सिद्धांत प्रयोग, आकडे व अनुमाने देऊन गंभीर मुद्रेने मांडावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्याला सोयीसाठी मिथ्याशास्त्रीय विनोद म्हणू. इंग्रजीत तो चांगला फोफावला. मराठीत त्याची बीजे पडली असूनही तो तितकासा वाढला नाही. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घरगुती वस्तूंना विश्वव्यापक करणे आपल्या परंपरेला नवे नाही. समुद्रमंथनाच्या कथेत मंदराचल ही रवी होते आणि वासुकी हा तिचा दोर. ताक घुसळण्याची रोजची क्रिया तेथे रत्नांची आणि अमृताची जननी ठरते. तरीही ही कथा ऐकून कोणी हसत नाही. पुराणकार श्रोत्यापाशी विस्मय मागतो, पुरावा देत बसत नाही. मिथ्याशास्त्रीय विनोदकार मात्र पुरावाच देतो, आणि त्या पुराव्याची शिस्त जितकी कडक तितका विनोद सरस होतो. म्हणजे या प्रकाराचा प्राण वस्तूच्या क्षुद्रतेपेक्षा पद्धतीच्या निष्ठेत आहे.

या दृष्टीने पॉल जेनिंग्ज या इंग्रज विनोदकाराने १९४८ साली ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात मांडलेला ‘रेझिस्टेन्शिअ‍ॅलिझम’ नमुनेदार म्हणावा लागेल. त्या वेळी युरोपात गाजत असलेल्या अस्तित्ववादाची ही नक्कल. निर्जीव वस्तूंचे मनुष्याशी वैर आहे, हे या दर्शनाचे मूळ सूत्र. त्याच्या समर्थनार्थ जेनिंग्ज एका कल्पित संशोधकाचा प्रयोग सांगतो. गालिच्यांचे चारशे तुकडे हलक्या प्रतीपासून उंची रेशमापर्यंत क्रमाने मांडले जातात, आणि मुरंबा लावलेले पावाचे भाजलेले काप त्यांवर टाकले जातात. मुरंब्याची बाजू खाली येण्याचे प्रमाण गालिच्याच्या किमतीबरोबर वाढत जाते. येथवर केवळ गंमत आहे. परंतु हलका गालिचा इतरांपासून पडदा लावून वेगळा केला की पावाचे वागणे बदलते, अशी पुस्ती जेनिंग्ज जोडतो, आणि विनोद एकदम उंचावतो. प्रयोगशाळेत तुलनेसाठी जी खबरदारी घेतात तीच येथे घेतली आहे, आणि तिच्यातून निष्पन्न काय होते, तर आसपास अधिक मौल्यवान गालिचा आहे की नाही हे पावाला कळते!

वस्तू घरगुतीच का हवी, याचेही उत्तर येथे मिळते. तारे आणि अणू यांच्याविषयी सामान्य वाचक तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून असतो. पाव, चहा, केक यांच्या बाबतीत तो स्वतःच तज्ज्ञ आहे. डग्लस अ‍ॅडम्सच्या १९८० मधील कादंबरीत केकच्या एका लहानशा तुकड्यावरून अनुमानाने सगळे विश्व उभे करणारे यंत्र आहे. प्रत्येक कणाचा इतर प्रत्येक कणाशी संबंध असतो हे तत्त्व खोडणे वाचकाला कठीण जाते. केकशी त्याचा परिचय जुना असतो. मान्य तत्त्व आणि परिचित वस्तू यांच्यामध्ये सापडून त्याला हसू येते.

हा प्रकार केवळ करमणुकीचा आहे असे मात्र समजू नये. बर्ट्रांड रसेल यांनी १९५२ साली लिहिलेल्या एका निबंधात पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्याभोवती फिरणाऱ्या चहादाणीची कल्पना केली. दुर्बिणीला दिसणार नाही इतकी ती लहान. म्हणून ती नाही असे कोणी सिद्ध करू शकत नाही. प्रतिपादनाचा भार कोणावर, हा तर्कशास्त्रातील कठीण मुद्दा एका चहादाणीने सोपा करून दिला. २००५ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात उत्क्रांतिवादावर शंका घेणारा मजकूर शालेय विज्ञानाच्या अभ्यासक्रमात घालण्याचा वाद चालू होता. तेव्हा बॉबी हेंडरसन या तरुणाने शिक्षणमंडळाला पत्र लिहिले. विश्व एका उडत्या स्पॅगेटी-राक्षसाने, म्हणजे ताटातल्या शेवयांच्या गुंत्यासारख्या एका देवतेने, निर्माण केले या मतालाही वर्गात तितकाच वेळ द्यावा, अशी त्याची मागणी होती. समुद्री चाचे घटत गेले तसतसे पृथ्वीचे तापमान वाढत गेले, असा आलेखही त्याने जोडला. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही, हे वर्गात तासभर समजावून सांगणाऱ्या शिक्षकाला या आलेखाचे मोल कळेल.

उलट दिशेचे उदाहरणही बोधप्रद आहे. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ साली भौतिकशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकात टेबलावरून घसरणाऱ्या टोस्टचे गणित मांडले. टेबलाची उंची टोस्टला पुरती गिरकी घेण्यास अपुरी पडते, म्हणून लोण्याची बाजू बहुधा खाली येते. टेबलाची उंची माणसाच्या उंचीवर ठरते, आणि माणसाची उंची निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांनी मर्यादित केलेली आहे. जेनिंग्जच्या थट्टेतला पाव अशा रीतीने खरोखरीच विश्वरचनेशी जाऊन भिडला.

आता मराठीकडे वळू. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले, आणि चिं. वि. जोशांनी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ वळले. घरगुती वस्तूंचे आमच्या विनोदाला वावडे नव्हते हे उघड आहे. रूढींच्या समर्थनार्थ गंभीर युक्तिवाद रचून त्या रूढींनाच हास्यास्पद करण्याची कोल्हटकरांची हातोटी या प्रकाराच्या अगदी जवळची होती. हेच कोल्हटकर ‘भारतीय ज्योतिर्गणित’ या ग्रंथाचे कर्ते होते, हा योगायोग मानता येत नाही. ज्याला खरे गणित येते त्यालाच खोटे गणित नेटके मांडता येते.

पुढे मात्र ही वाट मोडली. जोशी बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते, पण त्यांच्या विनोदाने कुटुंबाची कास धरली, आणि त्यात त्याचे यशही आहे. तथापि कारण केवळ लेखकांच्या रुचीत शोधणे अपुरे होईल. विडंबनाला मूळ लागते. पु. ल. देशपांडे यांचा ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ १९९४ साली निघू शकला, कारण वाङ्मयेतिहासाची गंभीर भाषा मराठीत नांदती होती आणि तिच्या लकबी वाचकांच्या कानांत होत्या. विज्ञानाची माहिती देणारे लेखन मराठीत आहे आणि ते आदरणीय आहे. परंतु प्रयोग नोंदविणारा, शंका घेणारा, प्रतिपक्षाला उत्तर देणारा शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीत लिहिला जातो. त्याची नक्कल मराठीत केली तर ती कोणाची, हे वाचकाला उमगायचे कसे?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीभाषकांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटावा. देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याच्या हेतूने १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले, आणि १९३१ साली तेथेच ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा शासनव्यवहाराचा बहुभाषी कोश सिद्ध झाला. केवळ कथा-कवितांच्या बळावर भाषा टिकत नाही, ही जाण त्या उद्योगांमागे होती. परभाषेच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या संस्था कविसंमेलने भरवितात, नाट्यस्पर्धा घेतात. त्यांबरोबर वर्षातून एखादा शास्त्रीय निबंध मराठीत लिहवून घेऊन त्यावर वाद घडवून आणणे त्यांना अशक्य नाही. तशी भाषा रुळली की रवीच्या फिरण्यावरून आकाशगंगेचे भ्रमण सप्रमाण सिद्ध करणारा कोणी मराठी जेनिंग्ज निपजेल, आणि त्याच्या सिद्धांतातील चूक कोठे आहे हे ओळखून हसणारा वाचकही त्याला मिळेल.