निअरशोअरिंग : जवळचा पुरवठा खात्रीचा असतो का?

दूरच्या देशातले उत्पादन मुख्य बाजारपेठेच्या शेजारी देशात हलवणे म्हणजे निअरशोअरिंग. ‘यामुळे पुरवठा साखळी भक्कम होते’ असे विधान तुम्ही अनेकदा वाचले असेल. ते कितपत टिकते, ते तपासू.

आधी त्यातले तथ्य पाहा. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात अडकले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. मेक्सिकोतून ट्रकने अमेरिकेत जाणाऱ्या मालाला हा धोका नसतो. २०२० मध्ये अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करार लागू झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या वस्तू-आयातीत मेक्सिकोने चीनला मागे टाकले.

परंतु अंतर घटले म्हणून जोखीम घटतेच असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठले आणि तेथून मेक्सिकोला जाणारा नैसर्गिक वायू आटला. उत्तर मेक्सिकोची वीज या वायूवर अवलंबून असल्याने लाखो ग्राहक अंधारात गेले, कारखाने थांबले. एकाच थंडीच्या लाटेने ग्राहक आणि उत्पादक दोघांनाही गाठले. एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी ट्रकांची जादा तपासणी सुरू केली, तेव्हा सीमेवर मैलोगणती रांगा लागल्या. समुद्र टळला, पण राजकारण आडवे आले. शिवाय मेक्सिकोतल्या कारखान्यात सुटे भाग चीनमधूनच येत असतील, तर साखळीत एक कडी वाढतेच.

आता उलट बाजू पाहा. अमेरिकेत विकला जाणारा शिशुआहार बहुतांशी देशातच बनतो. तरीही २०२२ मध्ये मिशिगनमधला एक मोठा कारखाना बंद पडताच टंचाई तीव्र झाली आणि सरकारला विमानांनी युरोपातून डबे आणावे लागले. तान्ह्या बाळांना त्या वेळी दूरचा पुरवठादार उपयोगी पडला.

यावरून निष्कर्ष असा : साखळी तगते ती पर्यायांमुळे. वेगवेगळ्या प्रदेशांतले पुरवठादार, हाताशी साठा आणि पुरवठादाराच्या पुरवठादाराचीही माहिती हे ते पर्याय. ते सांभाळायला पैसा लागतो, म्हणूनच ‘जवळ या’ हा स्वस्त सल्ला लोकप्रिय होतो. परीक्षेत निअरशोअरिंगचे फायदे लिहाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा : कोणता धोका टळला? आणि त्याच्या जागी कोणता आला?