चाचणी तुकड्याची, दावा डब्याचा

‘लो-कॉस्ट शील्डिंग’वरच्या बऱ्याच पेपरांचा साचा ठरलेला असतो. जवळपास मिळणारी वस्तू घ्यायची, तिचा तुकडा मोजायचा, ६० डेसिबल आले की निष्कर्षात लिहायचं: ‘रेडिओ उपकरणांसाठी उपयुक्त’.

६० डेसिबल म्हणजे दहा लाखांतला एकच भाग शक्ती बाहेर पडते. आकडा खोटा नसतो, पण तो असतो सपाट तुकड्याचा. नेहमी वापरली जाणारी एएसटीएम डी-४९३५ चाचणी तेवढंच मोजते, तेही ३० मेगाहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात. उपकरण मात्र डब्यात बसतं. डब्याला झाकण असतं, सांधे असतात, वायरसाठी भोक असतं, आणि गळती तिथूनच होते. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंमी. झाकणाला १.५ सेंमी लांब फट राहिली तर ढोबळ हिशेबाने हाती २० डेसिबलच उरतात. १५ सेंमीची फट तर चक्क अँटेना होते!

भंडारा जिल्ह्यात विषय शोधणाऱ्याला तीन गोष्टी लगेच सुचतील. एक, पितळ. १०० मेगाहर्ट्झला पितळाची स्किन डेप्थ साधारण १३ मायक्रॉन; अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा त्याच्या जवळजवळ चाळीसपट जाड. म्हणजे पत्रा पुरेसा आहेच, प्रश्न सांध्याचा आहे. दोन, तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गचं मँगनीज. पण खनिज म्हणजे फेराइट नव्हे. आणि मँगनीज-झिंक फेराइट मुख्यतः काही मेगाहर्ट्झपर्यंतच कामाचं. त्यावर निकेल-झिंककडे जावं लागतं. तीन, भाताचं तूस. मलेशियात त्यापासून पिरॅमिडच्या आकाराचे शोषक बनवले गेले आहेत. पण शोषक परावर्तन कमी करतो, शील्ड लहरीला पलीकडे जाऊ देत नाही. परावर्तनाचा आकडा शील्डिंगचा म्हणून छापणं ही सरळ चूक आहे.

स्वस्ताई कशी साधायची ते खोडदच्या जीएमआरटीकडे बघून शिकावं. गोविंद स्वरूप यांच्या चमूने ४५ मीटरच्या ३० डिशांना भरीव पत्रा न लावता पोलादी तारेची जाळी लावली. छिद्रं १० ते २० मिमी. तिथे काम परावर्तनाचं आहे, शील्डिंगचं नाही. पण छिद्र आणि तरंगलांबी यांचा हिशेब तोच. पैसे वाचले ते या हिशेबामुळे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा. डब्यात छोटा ट्रान्समीटर ठेवून बाहेर सिग्नल मोजा: आधी झाकण उघडं, मग बंद, मग सांध्यावर तांब्याची चिकटपट्टी लावून. पट्टीने आकडा बराच सुधारला, तर तुमचा विषय नवं मटेरियल नाही, सांधा आहे. त्यावर तीन वर्षं घालवायची तयारी असेल तरच पुढे जा. व्हायवात कुणीतरी ‘डबा बंद करून मोजलंत का?’ विचारणारच.