गर्भाचे चित्र आणि वगळलेली माता

गर्भातील जीवनाचे पावित्र्य शिकविताना काळ्या पोकळीत तरंगणाऱ्या एकाकी गर्भाचे चित्र वर्गात दाखविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. हेतू शुद्ध असला, तरी या चित्राची कुळकथा धर्मशिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

१७७४ साली विल्यम हंटर यांनी गर्भवतीच्या गर्भाशयाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. यान व्हान रिम्सडाइक यांची त्यांतील रेखाटने विलक्षण सूक्ष्म आहेत. परंतु तेथील माता मृत असून तिचा केवळ धडाचा भाग उरला आहे. १७९९ मध्ये झोमरिंग यांनी मातेला वगळून वाढीच्या क्रमाने गर्भच ओळीने मांडले. ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेनार्ट निल्सन यांची छायाचित्रे जीवनाचे दर्शन म्हणून जगभर गाजली. वस्तुतः त्यांतील बहुतेक गर्भ मातेच्या उदरातून बाहेर काढलेले होते. जीवनाचा पुरावा म्हणून आपण बहुधा मृत्यूचेच चित्र दाखवीत आलो आहोत.

गर्भ डोळ्यांना दिसला की आदर आपोआप उपजतो, असे यावर म्हटले जाईल. आपल्या सीमाभागाचा अनुभव याच्या उलट आहे. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भदर्शन घडविले. पुढे या व अशा इतर तंत्रांचा गर्भलिंगनिदानासाठी दुरुपयोग झाला, म्हणून महाराष्ट्राला १९८८ मध्ये व केंद्राला १९९४ मध्ये कायदा करावा लागला. तरीही निपाणीलगतच्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुलीच आढळल्या. गर्भ दिसला, परंतु ती मुलगी आहे हे दिसताच ती नकोशी झाली. दृष्टीला प्रेमाची जोड नसेल, तर स्पष्ट चित्रही घातक ठरते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील भेटीचा प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. तेथे गर्भ कोणालाही दिसत नाही. एलिझाबेथच्या उदरातील बालकाची हालचाल तिलाच जाणवते आणि मरियेचे स्वागत होते. दोन्ही बालके दोन्ही मातांसह स्वीकारली जातात. ख्रिस्तसभेचे गर्भाविषयीचे खरे चित्र हेच होय.

म्हणून पिरनवाडीपासून निपाणीपर्यंतच्या धर्मग्रामांत हा विषय शिकविताना एकाकी गर्भाचे चित्र बाजूस ठेवून भेटीचे चित्र पुढे ठेवावे. मुलगाच हवा म्हणून घरात छळ सोसणाऱ्या गर्भवतीची विचारपूस न करता गर्भाच्या पावित्र्यावर दिलेले प्रवचन अपुरेच राहील.