मताधिकार आणि मतदारसंघ : डॉ. आंबेडकरांच्या तीन निवेदनांचे पुनर्वाचन

प्रास्ताविक : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मताधिकारविषयक भूमिकेची चर्चा बहुधा विभक्त मतदारसंघाच्या मागणीपासून सुरू होते आणि १९३२ च्या पुणे करारापाशी थांबते. त्यामुळे विभक्त मतदारसंघ हेच त्यांचे मूलतत्त्व होते, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या तीन निवेदनांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. प्रतिनिधित्व हे केवळ मतांचे नसून व्यक्तींचेही असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. संपत्तीच्या अटीमुळे अस्पृश्य मतदारयादीबाहेर राहतात. म्हणून ती अट त्यांच्यासाठी शिथिल करावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. प्रत्यक्षात १९१९ च्या सुधारणांनी मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या. अस्पृश्यांच्या वाट्याला मात्र सरकारी नियुक्तीच आली.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मांडलेली भूमिका सशर्त आहे. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा पुरेत; तो नसेल तर विभक्त मतदारसंघ हवा. पहिल्या गोलमेज परिषदेतील निवेदनात पहिल्या दहा वर्षांसाठी विभक्त मतदारसंघ मागितला असला, तरी प्रौढ मताधिकाराशिवाय संयुक्त मतदारसंघ अस्पृश्यांवर लादू नये, ही अट तेथेही कायम आहे. म्हणजे विभक्त मतदारसंघ हे तत्त्व नव्हे, तर संकुचित मताधिकारावरील उपाय होय.

तथापि, ही मांडणी एका बाबतीत अपुरी वाटते. प्रौढ मताधिकार मिळाला की मतदारसंघरचनेचा दोष बराचसा दूर होतो, असे तीत गृहीत धरले आहे. या गृहीतकाची परीक्षा एका बहुवांशिक साम्राज्यात आधीच झाली होती. ऑस्ट्रियात १९०७ मध्ये वर्गवार मतदानपद्धती रद्द होऊन २४ वर्षांवरील सर्व पुरुषांना समान मताधिकार मिळाला. मात्र ५१६ जागांची वाटणी राष्ट्रगटांनुसार आधीच ठरली होती. १९१० च्या जनगणनेत सुमारे ३६ टक्के असलेल्या जर्मन भाषकांना २३३ जागा, तर सुमारे १२.६ टक्के रुथेनियनांना अवघ्या ३३ जागा मिळाल्या. मत समान होते. मताचे वजन समान नव्हते. पुढे राष्ट्रगटांच्या संघर्षात कामकाज ठप्प झाले आणि मार्च १९१४ मध्ये हे संसदगृह तहकूब करून वटहुकमांनी कारभार चालविण्यात आला.

आपल्याकडे जागांच्या प्रमाणाचा प्रश्न राखीव जागांनी बऱ्याच अंशी सुटला. पण राखीव जागेवर कोणाच्या मतांनी निवडून यायचे, हा प्रश्न उरला. १९३७ मध्ये मर्यादित मताधिकार असतानाही स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात लक्षणीय यश मिळविले आणि स्वतः आंबेडकर निवडून आले. उलट प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९२८ मध्ये पुरेशी वाटलेली जोडी, म्हणजे प्रौढ मताधिकार व संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा, येथे अपुरी ठरली. १९५५ च्या भाषिक राज्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ व एकाच उमेदवाराला सर्व मते देता येणारी एकत्रित मतदानपद्धती सुचविली. ही १९२८ च्या भूमिकेची त्यांनी स्वतःच केलेली दुरुस्ती म्हणावी लागेल.

समारोप : कोणाला मत द्यावयास मिळते आणि ते मत कोणाबरोबर मोजले जाते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपल्या परिसरातील पिंपरी विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथील विद्यार्थ्यांना राज्यशास्त्र शिकविताना पुणे कराराचे वर्ष सांगून थांबणे पुरेसे नाही. हा दुसरा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे.