हसू दिसले, हात दिसले नाहीत

वसई, मुंबई आणि गोवा येथील ख्रिस्ती घरांना ‘बोटीवरची नोकरी’ नवी नाही. कुणाचे आजोबा खलाशी वा आचारी म्हणून गेले, कुणाचे वडील स्टुअर्ड म्हणून. गोव्यात अशांना ‘तारवटी’ म्हणतात. अलीकडे काही घरांतील मुली क्रूझ जहाजांवरील स्पामध्ये मालिश व सौंदर्योपचार करण्यासाठी जाऊ लागल्या आहेत. आईवडिलांपर्यंत पोहोचतात ती निळ्या समुद्रापुढे काढलेली छायाचित्रे आणि बँकेत जमा होणारी रक्कम. या दोहोंमधले आयुष्य कोठे वाचावयास मिळेल, हा प्रश्न मनात ठेवून आम्ही क्रूझविषयीचा एक गाजलेला निबंध पुन्हा वाचला.

अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस १९९५ च्या मार्चमध्ये सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीवर गेले. त्या अनुभवावरील त्यांचा दीर्घ निबंध जानेवारी १९९६ च्या ‘हार्पर्स’ मासिकात ‘शिपिंग आउट’ या नावाने आला, आणि १९९७ मध्ये ‘अ सपोझेडली फन थिंग आय विल नेव्हर डू अगेन’ या संग्रहात विस्ताराने समाविष्ट झाला. विनोदी म्हणून तो वाचला जातो. परंतु त्या विनोदाच्या तळाशी विषाद आहे. आपले सारे लाड पुरवले जात असताना माणूस अधिकच असमाधानी का होतो, याचा तो शोध आहे.

या निबंधाचे सर्वांत मोठे यश म्हणजे नोकरीपोटी करावयाच्या हसण्याची चिकित्सा. ज्या हसण्यामागे आपुलकी नसते, ते हसू पाहणाऱ्यालाही पोकळ करते, हे वॉलेस यांनी नेमके ओळखले. फ्रँक कॉनरॉय या मान्यवर लेखकाने मोबदला घेऊन लिहिलेली जहाजाची प्रशंसा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत निबंधाच्या वेषात छापली गेली होती. तिलाही त्यांनी याच न्यायाने तपासले, आणि त्यात लेखकांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न निर्भीडपणे उभा केला. आणखी एक प्रसंग मनावर ठसतो. वॉलेस स्वतःची बॅग स्वतः उचलून नेतात आणि त्यामुळे बिचाऱ्या हमालाला वरिष्ठांची बोलणी खावी लागतात. प्रवाशाने बॅग उचलू नये हा नियम, आणि प्रवाशाची इच्छा मोडू नये हाही नियम! दोन नियमांच्या चरकात सापडतो तो मात्र हमाल.

येथपर्यंत आम्ही लेखकाबरोबर आहोत. परंतु पुढे पाने उलटताना एक उणीव जाणवते. खोली आवरणारी सेविका निबंधात वारंवार येते, पण ती बोलते ती दोनच ठरावीक वाक्ये. लेखक खोलीबाहेर किती वेळ राहिला म्हणजे खोली आवरली जाते, याचा शोध तो गमतीने घेतो. ती दिवसाला किती खोल्या आवरते, तिची पाठ दुखते काय, हे आपणांस कळत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या जागा पाहण्याची परवानगी वॉलेस यांना मिळाली नव्हती. पण बंद दार दिसल्यावर त्या दारापाशी थांबून राहणे, हेही लेखनाचे काम असते. ते येथे पुरेसे झाले नाही. निबंधाचा खरा विषय अखेरपर्यंत सेवा घेणाऱ्याचे मन हाच राहतो.

स्पामधील कामाचा विचार केला की ही मर्यादा अधिकच स्पष्ट होते. तेथे सेवा केवळ हसण्याची नसून स्पर्शाची असते. जहाजावरील स्पा बहुधा जहाजकंपनी स्वतः चालवीत नाही. तो मक्त्याने दुसऱ्या कंपनीकडे असतो, आणि मुलीच्या मिळकतीचा मोठा भाग कमिशनवर अवलंबून असतो. जहाज बंदरात असते तेव्हा प्रवासी किनाऱ्यावर उतरतात आणि स्पाच्या खोल्या ओस पडतात. जहाज दिवसभर समुद्रात असते तेव्हा एकामागून एक शरीर समोर येते. पन्नास मिनिटे अंगठे, मनगटे आणि खांदे झिजवून झाले की शेवटी तेले व मलमे विकावयाची. ग्राहक अर्धवट झोपेत, सैल झालेला असतो; नेमक्या त्याच क्षणी तिला विक्रेती व्हावे लागते. विक्रीचे ठरलेले लक्ष्य गाठले नाही तर वरिष्ठांची नाराजी. रात्री पाण्याच्या पातळीजवळची, दुसरीबरोबर वाटून घेतलेली अरुंद खोली. असे सहा ते नऊ महिने.

आमच्या वाचकांना येथे शुभवर्तमानातील दोन प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाहीत. योहानाच्या बाराव्या अध्यायात मरिया प्रभूच्या चरणांना मोलवान सुगंधी तेल लावते आणि घर सुगंधाने भरून जाते. त्या तेलाची किंमत तीनशे दीनार ठरवतो तो यहूदा. तेराव्या अध्यायात स्वतः प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. दरवर्षी पवित्र गुरुवारी आपण हे पाहतो. पाय धुणे आणि तेल लावणे ही कामे, म्हणजे, आपल्या श्रद्धेच्या अगदी गाभ्यात आहेत. ती पैसे घेऊन केली म्हणून हीन होत नाहीत. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे प्रभूनेच सांगितले. पण जेथे स्पर्शाचा हिशेब केवळ विक्रीने होतो, तेथे घरात तेलाचा सुगंध असूनही यहूदाची वहीच उघडलेली असते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ या पत्रात शिकवले. त्याची कसोटी अशा खोलीतच लागते.

कायदा या बाबतीत साहित्याच्या पुढे गेला आहे, असे आम्ही खेदाने म्हणतो. २००६ साली संमत झालेला आणि २०१३ पासून अमलात आलेला सागरी श्रम करार जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणाऱ्यास नाविकच मानतो. कामाच्या तासांना मर्यादा घालण्यासाठी चोवीस तासांत किमान १० तास विश्रांतीचे मापही त्याने दिले आहे. भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. कायद्याच्या दृष्टीने मालिश करणारी मुलगी नाविक झाली. वाङ्मयात मात्र ती अजून टॉवेल घेऊन उभी असलेली एक आकृतीच आहे. मराठीत तर तिचे चित्र आमच्या वाचनात आलेलेच नाही.

या दोषात आपलाही वाटा आहे. मुलगी सुट्टीवर येते तेव्हा आपण विचारतो, ‘कोणकोणते देश पाहिलेस?’ तिचे मनगट दुखते काय, रविवारी तिला मिस्सा मिळते काय, ग्राहकाने मर्यादा ओलांडली तर ती कोणाकडे जाते, हे आपण विचारीत नाही. आणि विचारले नाही म्हणून तीही सांगत नाही. तिचे घरातील हसूसुद्धा हळूहळू नोकरीतील हसण्यासारखे होऊ लागते.

वॉलेस यांचा निबंध वाचावा, अवश्य वाचावा. त्याने हसण्यामागची पोकळी दाखवली, हे ऋण मोठे आहे. पण हातांची कथा हातांच्या मालकिणींनीच लिहावयास हवी. १९२० साली ग्लासगो येथे आरंभ झालेली ‘स्टेला मारिस’ ही आपल्या ख्रिस्तसभेची सेवा बंदराबंदरांतून नाविकांना भेटते, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी, सागरी रविवारी, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. या वर्षीच्या त्या प्रार्थनेत स्पामधील मुलींचाही उल्लेख व्हावा. आणि सुट्टीवर आलेल्या कोणा भगिनीने आपली हकिकत लिहून पाठवली, तर या त्रैमासिकाची पाने तिच्यासाठी मोकळी आहेत. भाषा सफाईदार नसली तरी चालेल.